हाडं पोखरणाऱ्या पेशींच्या सोबतीनं

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वर्षातून एकदा आरोग्य शिबिर भरतं. कुठल्यातरी औषध कंपनीची माणसं एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक छोटं यंत्र घेऊन तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये बसतात. त्या वर्षी नवीन काय, तर हाडांची तपासणी. चप्पल काढून पाय यंत्रात ठेवायचा, टाचेला थंडगार जेल लावतात, आणि थोड्या वेळात एक कागद बाहेर येतो. आईला फुकटची तपासणी सोडवत नाही. रविवार असल्यामुळे मी घरी होते. जिना उतरताना तिला सोबत हवी म्हणून मी खाली गेले. खरं तर सत्तरी उलटली तरी तिला सोबत लागत नव्हती. तिनंच मला ओढून नेलं होतं, चार माणसांत मी जरा दिसावी म्हणून.

तिचा कागद हिरव्या पट्ट्यात आला. यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणाली की ह्या वयात असं क्वचित दिसतं. आईनं लगेच तिला लहानपणची नाचणीची भाकरी, सुकट, विहिरीचं पाणी, सगळं ऐकवलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही माझी मुलगी ह्याच्यावरच संशोधन करते. हाडांवर." ती मुलगी उठून उभी राहिली आणि मला म्हणाली, मॅडम, मग तुम्हीपण बघा ना. मी हसत हसत पाय ठेवला.

माझा कागद पिवळा ओलांडून लाल पट्ट्यापाशी आला. मुलीनं जेल पुसलं, पुन्हा लावलं, दुसरा पाय ठेवायला सांगितला. तेच. ती ओशाळून म्हणाली की सकाळपासून मशीन जरा त्रास देतंय. मीही म्हटलं, अशी यंत्रं ढोबळच असतात. आईनं आपला कागद घडी घालून कनवटीला लावला आणि माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते.

मी ज्या पेशींवर काम करते त्या हाड खातात. ऑस्टिओक्लास्ट म्हणतात त्यांना. ही पेशी तयार अशी कुठे नसते. हाडाच्या मगजात साध्या, सुट्या पेशी फिरत असतात. त्यांना विशिष्ट प्रथिनांचा निरोप मिळाला की त्या एकमेकींना बिलगतात, मधल्या भिंती विरघळतात आणि अनेकींची मिळून एक थोरली पेशी होते. ती हाडावर बसते आणि त्याला खड्डा पाडते. हे वाईट नाही. जुनं हाड निघाल्याशिवाय नवं भरत नाही. पण खाणाऱ्या जास्त झाल्या आणि भरणाऱ्या कमी पडल्या की हाड पोकळ होत जातं.

माझा प्रश्न त्याच्याही आतला होता. निरोप पोचल्यावर पेशीच्या पोटात थोडा जाळ होतो. ऑक्सिजनपासून तयार होणारी दाहक रसायनं वाढतात, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी. ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात तो हाच. फार झाला तर पेशी मरते. पण ह्या पेशीला घडण्यासाठी तो थोडा लागतोच. लॅबमध्ये पेशी ज्या बशीत वाढवतो तिच्यात तो विझवणारं औषध घातलं तर पेशी सुट्याच्या सुट्या राहतात, जगतात, पण एकत्र येत नाहीत. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की रंग दिलेली बशी हातात घेतल्यावर सूक्ष्मदर्शकाशिवायही मला कळतं. जिथे थोरल्या पेशी झाल्यात तिथे वाइनसारखे लाल ठिपके दिसतात, आणि जिथे नाहीत तिथे बशी फिकट.

पेशींना एक दिवसाआड नवं पोषणद्रव्य द्यावं लागतं. सुट्टी त्यांना कळत नाही. त्यामुळे कित्येक रविवारी मी लॅबला जायचे, आणि कोणी विचारलं तर आई सांगायची की ती जेवायला घालायला गेलीय. ऐकणाऱ्याला वाटायचं मी कुठल्या आश्रमात जाते.

शिबिराच्या आधी कित्येक महिने माझी पाळी अनियमित होती. मग ती आलीच नाही. मी ती गोष्ट बाजूला ठेवली होती, प्रबंध, प्रकल्प, अनुदानाच्या नूतनीकरणाची धावपळ ह्यांच्या नावावर. मध्येच अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, मानेवरून घाम ओघळायचा. लॅबमधल्या एसीला सगळेच शिव्या घालत, म्हणून माझ्या घामाकडे कोणी बघितलं नाही. त्या पिवळ्या-लाल पट्ट्यानं मात्र मला झोप लागू दिली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी घाटकोपरला जाऊन हाडांचं नीट स्कॅनिंग केलं, रक्त दिलं, आणि रिपोर्ट घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. आईला सांगितलं, लॅबचं सामान बघायचंय.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. रक्ताची तपासणी त्यांनी महिन्याभरानं पुन्हा करायला लावली. दुसरा रिपोर्ट आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि सरळ सांगितलं. अंडाशयांनी काम थांबवलंय. फार लवकर थांबवलंय. का, ते बहुतेक जणींत सापडत नाही. हाडांचं कारण तेच. मग त्यांनी विचारलं की लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या की मूल हवं असेल तर दुसरे मार्ग आहेत, त्यावर आपण निवांत बोलू. मी मान हलवली. शेवटी त्यांनी विचारलं मी काय काम करते. मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग तुम्हाला मी काय समजावू?" त्या म्हणाल्या.

"समजावा," मी म्हटलं. "सगळं समजावा. मला काहीच माहीत नाही असं धरून."

त्यांनी समजावलं. कागदावर दोन गोल काढले, बाण काढले. अंडाशयाचं संप्रेरक असतं तोवर हाडाच्या मगजात जाळ विझवायची ताकद टिकते. ते गेलं की ती ताकद घटते, आणि साध्या पेशी भराभर थोरल्या होऊ लागतात. हे वाक्य मी स्वतः किती सभागृहांत बोलले होते. पण कोणीतरी माझ्याकडे बघत, माझ्यासाठी ते बोलत होतं. मी शाळेतल्या मुलीसारखी ऐकत बसले. बाहेर बाकावर पुढच्या बाईच्या घरचे तिघं बसले होते, एकानं तिची पिशवी धरली होती. मी त्यांच्या समोरून निघाले.

कोणाला सांगायचं हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून आम्ही मुलुंडला आलो, आणि त्यांनी शेवटपर्यंत एका दुकानात हिशेब लिहिला. मोठा भाऊ पनवेलला, त्याच्या संसारात. त्याला ही गोष्ट सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. पूर्वी लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक मैत्रीण होती. तिच्याशी मी सगळं बोलायचे. ती आता परदेशात असते. मी तिला मेसेज केला, वेळ आहे का गं. तिचं उत्तर आलं तेव्हा सोबत मुलीच्या वाढदिवसाचे फोटो होते. काय झालं, विचारलंही होतं तिनं. मी लिहिलं, काही नाही, सहज.

त्याच आठवड्यात लॅबची बैठक होती. आमची लॅब चेंबूरच्या पुढे, माहुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वारा फिरला की रिफायनरीचा वास बंद खिडक्यांतूनही आत येतो. सर मोठ्या टेबलाच्या टोकाला बसले होते. सरांनी मला ह्या क्षेत्रात आणलं, आणि इतक्या वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी मला जुने आकडे पुन्हा मांडायचे होते. उंदरिणींचे दोन गट. एकीकडे धडधाकट, दुसरीकडे अंडाशय काढलेल्या. पडद्यावर त्यांच्या हाडांच्या घनतेच्या दोन रेघा होत्या. एक जवळजवळ सपाट, दुसरी घसरत जाणारी. त्या घसरणाऱ्या रेघेला आम्ही लॅबमध्ये तीन इंग्रजी अक्षरांनी ओळखतो, ओव्हीएक्स. "हा ओव्हीएक्स गट," असं म्हणताना मी पहिल्याच शब्दावर अडले. पाणी प्यायले. पुन्हा सुरुवात केली.

बैठक संपल्यावर सर थांबले. बरं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एसीनं घसा बसलाय. ते म्हणाले, घरी जा, बश्या मी बघतो. सर माझ्या बश्या बघणार होते, ह्याहून जास्त आपुलकी त्यांना दाखवता येत नव्हती आणि मला मागता येत नव्हती. मी घरी गेले नाही. पेशींचं जेवण झाल्यावरच निघाले.

मी बशीत जे औषध घालते, त्याच जातीचं औषध दुकानात मिळतं. कफ पातळ करायला देतात, पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी. उंदरांत त्याचा हाडांना फायदा झालेला आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. माणसांत तसं काही ठरलेलं नाही, हेही माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी संप्रेरकाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. ती चिठ्ठी मी पर्समध्ये घेऊन फिरत होते. गोळ्या आणल्या नव्हत्या. त्या आणल्या की वर्षानुवर्षं घ्यायच्या होत्या, म्हणजे जे झालं ते झालं हे रोज सकाळी उठून मान्य करायचं होतं. त्याऐवजी मी स्टेशनजवळच्या दुकानातून त्या फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी घेतली. मला माझं ओळखीचं रसायन हवं होतं. बशीत त्यानं कधी दगा दिला नव्हता.

शनिवारची दुपार होती. आई ओट्यापाशी कोकमाची सोलं भिजत घालत होती. मी पेल्यात गोळी टाकली. त्यात गंधक असतं, त्याचा वास नासलेल्या अंड्यासारखा येतो. लॅबमध्ये तो हवा ओढून घेणाऱ्या हुडखाली निघून जातो. आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात तो क्षणात भरून राहिला.

"अंडं नासलं काय गो?" आई म्हणाली.

मी म्हटलं, औषध आहे. तिनं विचारलं कफ झालाय का. नाही म्हटलं. मग कशाचं औषध, असं तिनं विचारलं आणि हात पुसत माझ्याकडे वळली. मी आधी हाडांचं सांगितलं. शिबिरातलं यंत्र बरोबर होतं म्हणून सांगितलं. ती स्टुलावर बसली. कशानं झालं, असं तिनं विचारलं.

"आई, माझी पाळी गेली."

"गेली म्हणजे?"

"बंद झाली. कायमची."

पेल्यातली गोळी फसफसून संपली. मग तिनं हळूच विचारलं, "माझ्याकडून आलं काय?"

मी म्हटलं, तुझ्याकडून कसं येईल, तुझी हाडं बघ. मग वडिलांकडून का, असं ती म्हणाली. मी म्हटलं, कोणाकडूनच नाही, कारण सापडत नाही. एवढं शिकून सापडत नाही, ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. माझ्या शिक्षणावर तिचा भलताच विश्वास होता.

मुलाबद्दल तिनं विचारलं नाही. ते तिला समजलं होतं. तिच्या फोनवर नातेवाइकांनी पाठवलेली स्थळं असायची, कोणी घटस्फोटित, कोणी विधुर, वय वाढत जाईल तसे त्यांचे तपशील बदलत गेले होते. रविवारी दुपारी ती एकेक मला दाखवायची आणि मी नाही म्हणायचे. आम्हा दोघींना त्याची सवय झाली होती. आता ती फोनकडे बघत होती. मग उठली, पेला उचलला, हुंगला.

"हे डॉक्टरनं दिलंय?"

"नाही."

"मग?"

तिनं पेला मोरीत ओतला, दोनदा घासला, पालथा घातला. "जे दिलंय ते आण आधी," ती म्हणाली. मी त्या संध्याकाळी गोळ्या आणल्या. मला बरं वाटलं, इतकंच आठवतं. कोणीतरी माझ्या हातातून काहीतरी काढून घ्यावं ह्याची मी किती दिवस वाट बघत होते, ते तेव्हा कळलं.

सांगितल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं झालं, पण थोडेच दिवस. एकदा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि आई आत मावशीशी फोनवर बोलत होती. मावशीशी ती मालवणीतच बोलते. "नाय गो, हाडां जरा नाजूक झाली हत तिची. लॅबीत उभ्यान काम करता मा ता. औषध चालू आसा. बाकी सगळा बरा आसा." मी हातातला टॉवेल झटकला तेव्हा तिनं वळून बघितलं. मी ऐकलं हे तिला कळलं. तिनं माझ्यासाठीच झाकलं होतं, हे मलाही कळलं. पण त्यानंतर त्या गोष्टीवर बोलायची वाटच बंद झाली. स्थळं दाखवणं थांबलं. रविवारची दुपार रिकामी झाली. जेवण झाल्यावर ती आडवी व्हायची, मी काहीतरी वाचायचे, आणि पंख्याचा आवाज तेवढा असायचा. पूर्वी ती स्थळं दाखवायची तेव्हा माझा जीव जायचा. आता मला त्यांचीच आठवण यायची.

गोळ्यांनी घाम कमी झाला. डॉक्टरीणबाईंनी वजन उचलायला सांगितलं, जिने चढायला सांगितलं. वर्षभरानं पुन्हा स्कॅन केला. हाड वाढलं नव्हतं, पण पूर्वीसारखं घसरलंही नव्हतं. मी घरी येऊन आईला म्हटलं, थांबलंय. ती देवापाशी दिवा लावत होती. बरं झालं, म्हणाली आणि काडी विझवली. बशीतलं कामही पुढे गेलं. सर निवृत्त झाले, जाताना त्यांनी मला आपलं जुनं सूक्ष्मदर्शक दिलं. मैत्रिणीच्या जागी शेजारच्या टेबलावर आलेला मुलगा बंगळुरूला गेला. लॅब मला सांभाळायला मिळाली, म्हणजे सकाळी कुलूप उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं.

मग भावानं गावच्या घराला दोन खोल्या वाढवल्या. आई गणपतीला म्हणून कुडाळजवळच्या आमच्या गावी गेली आणि तिथेच राहिली. आधी म्हणाली भात कापून येते, मग म्हणाली शिमग्यानंतर. मी आग्रह केला नाही. तिथे तिला अंगण आहे, बोलायला माणसं आहेत. माझ्याकडे बघून तिला रोज काय वाटत होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मुलुंडचं घर दोन माणसांना लहान पडायचं. एकीला ते फार मोठं आहे.

ती रोज संध्याकाळी फोन करते. जेवलीस काय, गोळी घेतलीस काय. मी हो म्हणते. मग गावातल्या बातम्या. मागच्या थंडीत एका संध्याकाळी तिनं हे काहीच विचारलं नाही. म्हणाली की शेजारच्या वाडीत एक सून आहे, पस्तिशीची. दोन वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली, सोबत अंडाशयंही काढली. परवा मांगराच्या, म्हणजे गोठ्याच्या, पायरीवरून घसरली तर मनगट मोडलं. "तिची हाडां पण तुझ्यासारखीच काय गो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं असू शकतील, तपासायला हवीत, गोळ्या कोणी दिल्या नाहीत का. आई म्हणाली, कोणी काय सांगितलं नाही तिला. मग म्हणाली, "मी तिला सांगितलं. माझ्या लेकीचं पण असंच झालंय म्हणून."

मावशीपासून झाकलेली गोष्ट तिनं शेजारच्या वाडीतल्या सुनेला सांगितली होती. आधी मला राग आला. मग आईचा आवाज आला, ती घाबरल्यासारखी भरभर बोलत होती. ती बाई इथंच बसलीय माझ्याशेजारी, तू तिच्याशी बोल, माका तुझ्यासारखा सांगूक जमणा नाय. आणि मी काही म्हणायच्या आत फोन त्या बाईच्या हातात गेला.

मी मनात सगळं जुळवत होते, संप्रेरक, जाळ, पेशी, साध्या भाषेत कसं सांगायचं ते. तिनं त्यातलं काही विचारलं नाही.

"तुमका पण घाम येता?" ती म्हणाली.

"आता कमी येतो," मी म्हटलं. "आधी यायचा. खूप."

"झोप?"

"नव्हती लागत."

"माका वाटला माझाच असा होता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

मी तिला रडू दिलं. माझ्या गॅलरीतून समोरच्या इमारतीतले दिवे लागताना दिसत होते. मलाही तसंच वाटत होतं, माझंच असं होतंय, आणि हे वाटणं मी कधी कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या क्षणी तिलाही सांगता आलं नाही. मग मी तिला म्हटलं, कुडाळला जा, स्त्रियांच्या डॉक्टरकडे. ती म्हणाली, जावन काय सांगू, माका बोलूक येणा नाय थंय. मी एकेक वाक्य सांगितलं. माझं वय पस्तीस. माझी अंडाशयं काढलीत. माझं मनगट मोडलंय. मला हाडांची तपासणी करायचीय. ती प्रत्येक वाक्य माझ्यामागून म्हणत होती, आणि ती अडली की मागून आई तिला शब्द देत होती.